भेटीगाठींचा प्रवास आणि संपर्कसाधने

आप्तेष्ट, मित्र, गाववाले यांना भेटण्यासाठी, कार्याला किंवा दुखवट्याला जाण्यासाठी केलेल्या प्रवासाचा फोन आणि समाजमाध्यमांशी असलेला संबंध. कामाचा प्रवास ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने होतो. भेटीगाठींचा प्रवास मात्र माणसाचा गोतावळा कुठे पांगला आहे आणि त्यांचे आपसांत किती बोलणे होते, यावर ठरतो.

फोन आले की भेटी घटतील, ही अटकळ जुनी. वाहतूक-अभ्यासक पॅट्रिशिया मोख्तारियन यांच्या मते संपर्कसाधने बरेचदा प्रवासाला पूरकच ठरतात. पांगलेली नाती टिकायची तर अधूनमधून समोरासमोर भेट व्हावीच लागते, असे समाजशास्त्रज्ञ जॉन अरी यांनी मांडले.

नवी मुंबईत याचा ठळक प्रत्यय येतो. मुंबईतले घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलले आणि सातारा, सांगलीकडची माथाडी कुटुंबे कोपरखैरणे, घणसोलीत स्थिरावली. पूर्वी गावाकडून निरोप पोचेपर्यंत माती उरकलेली असे. लोक सावडायला, नाहीतर दहाव्याला जात. आता व्हॉट्सॲपवर काही मिनिटांत बातमी येते, कोणाची गाडी निघते, कोणाला कुठून घ्यायचे हे तिथेच ठरते आणि रातोरात निघून माणसे मातीला पोचतात. यात्रेची तारीख, वर्गणी, परतीची जागा यांचेही तसेच. फोनमुळे इथे प्रवास वाढला आहे.

ठाण्यात दिवाळी पहाटेला तलावपाळी आणि राम मारुती रस्त्यावर तरुणाईची गर्दी उसळते. पांगलेले शाळासोबती त्या गर्दीत एकमेकांना गाठतात ते फोनच्या आधारानेच. उलट, न कळवता कोणाच्या दारात उभे राहणे मागे पडले. आधी फोन करण्याची रीत रुजली. स्मार्टफोन न वापरणाऱ्या वृद्धांना याची झळ बसते, कारण बेत ग्रुपवर शिजतात आणि त्यांना कोणीतरी आठवणीने सांगावे लागते.

फोन भेट ठरवतो, पण ती घडायला वाट लागते. २००४ मध्ये ठाणे–वाशी लोकल सुरू होण्यापूर्वी रेल्वेने जायचे तर कुर्ल्याला गाडी बदलावी लागे. आजही देखभालीचे मेगाब्लॉक प्रामुख्याने रविवारीच घेतले जातात. कचेऱ्यांच्या दृष्टीने तो सोयीचा वार. भेटीगाठींच्या प्रवासाचा मात्र तोच मुख्य दिवस. वाहतुकीच्या नियोजनात या प्रवासाचा विचार कामाच्या प्रवासाइतकाच गांभीर्याने व्हायला हवा.