रॉकेटच्या पोटातली चांदणी

२८ फेब्रुवारी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन, जवळ आला, की वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर एक ठरलेला फोटो येतो. गणवेशातली मुलं ओळीनं उभी, मागे क्षेपणास्त्राची पांढरी प्रतिकृती आणि खाली मथळा : विद्यार्थ्यांनी जाणून घेतले संरक्षण संशोधन. अशा भेटी व्हायलाच हव्यात आणि वाढायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे. खटकतं ते एवढंच की, मुलं घरी येऊन सांगतात ती मिसाईलची लांबी, पल्ला आणि 'ते किती डेंजर आहे' हे. बाहेरून दिसणारं नळकांडं हा त्या दालनातला सगळ्यात कमी रंजक भाग असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

महाराष्ट्रातल्या मुलांना याबाबत मोठी संधी आहे. डीआरडीओ या देशाच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या बऱ्याच प्रयोगशाळा आपल्याकडे आहेत. अहिल्यानगरला लष्करी वाहनं, अंबरनाथला नौदलासाठी लागणारे पदार्थ, पुण्यात दिघीला लष्करी पूल. आणि पाषाणला शेजारी-शेजारी दोन संस्था : तोफा, दारूगोळा आणि पिनाका रॉकेट घडवणारी एआरडीई, आणि रॉकेटच्या आत जे जळतं त्यावर काम करणारी एचईएमआरएल. या दुसऱ्या संस्थेचं मूळ १९०८ साली नैनितालला सुरू झालेल्या एका छोट्या रासायनिक तपासणी कार्यालयात आहे. पिनाकाची एक गाडी ४४ सेकंदांत १२ रॉकेटं सोडते, ही माहिती सगळ्यांना पाठ असते. पण प्रत्येक रॉकेट आधीच्यासारखंच जळावं म्हणून काय करावं लागतं, हे क्वचितच कुणी विचारतं.

अशा दालनांत बहुधा कुठेतरी कोपऱ्यात रॉकेट मोटरचा, म्हणजे इंधन भरलेल्या नळीचा, एक छेद ठेवलेला असतो. धातूची नळी आडवी कापलेली. तिच्या आत खऱ्या इंधनाच्या जागी भरलेला करडा, रबरासारखा निरुपद्रवी पदार्थ. आणि त्याच्या बरोबर मध्यभागी आरपार गेलेलं भोक, चांदणीच्या आकाराचं. एका सहलीत माझ्यासोबतच्या आठवीतल्या मुलीनं त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवत विचारलं, "सर, हे वजन कमी करायला ठेवलंय का?" तिचा प्रश्न अगदी योग्य जागी लागला होता. या लेखाचा सगळा विषय त्या भोकातच आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. स्फोटकांत आणि रॉकेटच्या इंधनात अफाट ऊर्जा कोंबलेली असते, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात एक किलो साजूक तुपात टीएनटी या स्फोटकाच्या एक किलोपेक्षा आठ-नऊ पट ऊर्जा असते. फरक वेगाचा आहे. तुपाला जळायला बाहेरचा ऑक्सिजन लागतो, तो हवेतून हळूहळू मिळतो. रॉकेटचं घन इंधन, म्हणजे प्रोपेलंट, आपला ऑक्सिजन सोबत घेऊनच येतं. त्यात साधारण दोन तृतीयांश अमोनियम परक्लोरेट नावाचं ऑक्सिजन पुरवणारं मीठ असतं, काही भाग ॲल्युमिनियमची भुकटी आणि हे सगळं धरून ठेवणारं रबर. घट्ट पिठासारखं हे मिश्रण नळीत ओततात, मधोमध चांदणीच्या आकाराचा दांडा उभा करतात, उबेत काही दिवस घट्ट होऊ देतात आणि मग दांडा काढून घेतात.

प्रोपेलंटचा स्फोट होत नाही, व्हायला नकोच असतो. टीएनटीत स्फोटाची लाट सेकंदाला जवळपास सात किलोमीटर वेगानं धावते. प्रोपेलंटची ज्योत सेकंदाला जेमतेम पाच ते पंधरा मिलिमीटर आत सरकते. ती फक्त उघड्या पृष्ठभागावर असते आणि पृष्ठभागाला काटकोनात, थराथरानं आत जाते. हे फ्रेंच तोफखान्यातल्या पियोबेर या अधिकाऱ्यानं १८३९ च्या सुमारास मांडलं. म्हणजे कोणत्याही क्षणी किती वायू तयार होणार, हे त्या क्षणी किती पृष्ठभाग उघडा आहे त्यावर ठरतं. रसायन ठरलं, की उरतो तो भूमितीचा प्रश्न.

समजा मध्ये साधं गोल भोक ठेवलं, ४० मिलिमीटर व्यासाचं. ज्योत आतून बाहेर सरकत गेली, की भोक मोठं होत जाणार. व्यास १२० झाला, की परीघ तिप्पट, म्हणजे जळणारा पृष्ठभागही तिप्पट. मग दाबही तिप्पट होईल का? नाही, त्याहून बराच जास्त. हे जरा सावकाश वाचावं लागेल.

जळण्याचा वेग स्वतःच दाबावर अवलंबून असतो. दाब वाढला, की ज्योत पृष्ठभागाला आणखी चिकटते, त्याला जास्त उष्णता देते आणि तो भराभर जळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं याचं सूत्र दिलं : वेग हा दाबाच्या n व्या घाताच्या प्रमाणात असतो, आणि n हा त्या-त्या प्रोपेलंटचा आकडा. आता एका बाजूला वायू तयार होतोय, पृष्ठभाग गुणिले वेग या हिशेबानं. दुसऱ्या बाजूला तो नॉझलच्या, म्हणजे रॉकेटच्या मागच्या तोंडाच्या, अरुंद गळ्यातून बाहेर पडतोय, आणि बाहेर पडण्याचं प्रमाण दाबाच्या सरळ प्रमाणात आहे. दोन्ही सारखे झाले, की दाब स्थिरावतो. n एकापेक्षा कमी असेल, तर दाब चुकून थोडा वाढला तरी निर्मितीपेक्षा निचरा अधिक वाढतो आणि दाब आपोआप जागेवर येतो. n एकापेक्षा जास्त झाला, तर निर्मिती निचऱ्याला मागे टाकते, दाब वाढतच जातो आणि मोटर फुटते. म्हणून n हा आकडा प्रोपेलंट बनवणाऱ्यांच्या डोक्यातून कधी जात नाही.

हे दोन्ही हिशेब बरोबर धरले, तर स्थिर दाब हा पृष्ठभागाच्या १/(१−n) व्या घाताच्या प्रमाणात येतो. n ०.४ धरा. पृष्ठभाग दुप्पट झाला, तर दाब तीनपटीपेक्षा थोडा जास्त होतो. तिप्पट झाला, तर सहापटीच्या वर. n ०.८ असता, तर पृष्ठभाग दुप्पट होताच दाब ३२ पट झाला असता! म्हणजे गोल भोकाच्या रॉकेटची नळी शेवटच्या क्षणी येणाऱ्या सहापट दाबासाठी जाड करावी लागेल, आणि सुरुवातीचा बहुतेक वेळ तो जाडपणा नुसता ओझं म्हणून वाहून न्यावा लागेल. ते वजन थेट पल्ल्यातून वजा होतं.

यावर एक फार सुंदर उपाय आहे आणि तो सातवीच्या गणितानं कळतो. प्रोपेलंटची पोकळ नळी करा आणि ती आतून-बाहेरून दोन्हीकडून जळू द्या. आतली त्रिज्या एक मिलिमीटरनं वाढते, तेव्हा बाहेरची एक मिलिमीटरनं घटते. दोन परिघांची बेरीज शेवटपर्यंत तीच. तोफेच्या दारूचे दाणे तर सात भोकांचेही करतात. तिथे उलट गरज असते : गोळा नळीत पुढे सरकतो तशी मागची जागा वाढते, म्हणून पृष्ठभाग वाढतच जायला हवा. ५२ कॅलिबरच्या (म्हणजे नळीची लांबी तिच्या व्यासाच्या ५२ पट) १५५ मिलिमीटर तोफेची नळी आठ मीटरच्या पुढे असते, आणि गोळा त्यातून सेकंदाच्या साधारण पन्नासाव्या भागात बाहेर पडतो. तेवढ्यात हे सगळं पार पडावं लागतं.

मोठ्या रॉकेटमध्ये मात्र सुटी नळी चालत नाही. बाहेरून जळायला दिली, तर धातूच्या आवरणाला हजारो अंशांची आच लागेल. तिथे प्रोपेलंट आवरणाला चिकटवावंच लागतं, म्हणजे ते फक्त आतून जळू शकतं. मग आतल्या भोकाचा परीघ वाढू नये म्हणून काय करायचं? चांदणी. आत आलेले प्रोपेलंटचे कंगोरे दोन्ही बाजूंनी जळून आखूड होतात, त्यांचा परीघ घटतो. चांदणीची टोकं गोलावत बाहेर सरकतात, तिथला परीघ वाढतो. घट आणि वाढ जुळली, की दाब जवळपास सपाट रेषेत चालतो. कंगोरे संपल्यावर पुढे काय होतं, शेवटी आवरणाला चिकटून राहणाऱ्या तुकड्यांचं काय करायचं, हा वेगळा आणि किचकट विषय आहे.

पृष्ठभागाचं हे गणित कळलं, की सुरक्षेचे नियमही समजतात. प्रोपेलंटमध्ये केसाएवढी भेग राहिली, तर तो हिशेबात नसलेला पृष्ठभाग असतो. ज्योत तिच्यात शिरते आणि दाब उसळतो. म्हणून तयार मोटरचे क्ष-किरण फोटो काढतात. स्फोटकांच्या इमारतींभोवती मातीचे उंच बांध असतात, मिश्रण दूरच्या खोलीतून यंत्रानं ढवळतात, आणि दारापाशी तांब्याची पट्टी असते. आत जाण्याआधी तिच्यावर तळहात ठेवायचा, म्हणजे अंगावरची स्थितिक वीज जमिनीत जाते. कृत्रिम धाग्यांचे कपडे तिथे चालत नाहीत, ते याच विजेपायी.

इथे एक बोलायलाच हवं. अशा सहलींच्या गटांत हमखास एक संदेश फिरतो : अग्न्यस्त्र म्हणजेच मिसाईल, आपल्याकडे हे हजारो वर्षांपूर्वीच होतं. मुलांना हे सांगणं म्हणजे त्यांची फसवणूक आहे, आणि खऱ्या वारशाचा अपमानही. अठराव्या शतकात म्हैसूरच्या कारागिरांनी रॉकेटला लोखंडी नळी बसवली. कागदा-बांबूपेक्षा लोखंड जास्त दाब सोसतं, त्यामुळे पल्ला वाढला, आणि इंग्रजांनी ते रॉकेट लंडनला नेऊन अभ्यासलं. २०१८ साली कर्नाटकात शिवमोगा जिल्ह्यातल्या नगर गावी एका जुन्या विहिरीत त्या काळची सुमारे हजार रॉकेटं सापडली. हा पुरावा हातात धरता येतो, मोजता येतो.

सहलीला जायच्या आदल्या आठवड्यात शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करावा. आलेख कागदावर २० मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, आणि शेजारी टोकांपर्यंत तेवढीच त्रिज्या असलेली पाच टोकांची नेहमीची चांदणी. दोन्हींच्या बाहेर सगळीकडून १० मिलिमीटर अंतरावर दुसरी रेषा काढा, टोकांपाशी कंपासनं कंस घ्या, आणि दोऱ्यानं परीघ मोजा. वर्तुळाचा परीघ १२६ वरून १८८ मिलिमीटर होईल. चांदणीचा १४५ वरून १९८ च्या आसपास. म्हणजे चांदणीचाही वाढतोच! कारण नेहमीच्या चांदणीत आत आलेल्या कंगोऱ्याचा कोन १०८ अंशांचा, फार बोथट असतो. पाच कंगोऱ्यांसाठी तो साधारण ६२ अंश केला, तर परीघ हलत नाही. सहा कंगोरे घेतले तर हा कोन किती लागेल, हे मुलांना आधी स्वतः काढू द्या, आणि मग तो कागद घेऊन त्या छेदाशेजारी उभ्या असलेल्या शास्त्रज्ञांना विचारायला सांगा.