घरच्या पेपरचा मालक आणि शेवटच्या पानावरची चांदणी

बेळगावात घरच्या पेपरचा मुलगा कसा वर येतो हे सगळ्यांनी बघितलंय, आधी जाहिरात, मग वितरण, मग रात्री डेस्कवर आणि एक दिवस केबिन. सीमाप्रश्नही परत सांगत बसत नाही. पण गादी खरी कधी बदलली हे सत्काराच्या फोटोंवरून कळत नाही, त्यासाठी शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत मुद्रक-प्रकाशक-संपादकाची नावं असतात ती प्रिंटलाइन बघायची.

ही प्रिंटलाइन आली 1867 च्या पीआरबी, म्हणजे प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स ॲक्टमधून. मुद्रक-प्रकाशकाने जिल्हा मॅजिस्ट्रेटपुढे डिक्लरेशन, म्हणजे पेपर मी छापतो-काढतो असं लेखी द्यायचं आणि मालकी बदलली की परत नवीन. इंग्रजांच्या काळातलं इथे फार लागत नाही, 1919 पासून चालत आलेला मराठी पेपर गावात आहे एवढं पुरे.

गोची झाली 1956 ला. 1 जुलैला वर्तमानपत्रांचं रजिस्ट्रार ऑफिस सुरू झालं आणि 1 नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. म्हणजे ज्या सरकारवर सकाळी अग्रलेख झाडायचा त्याच सरकारच्या डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याकडे, दुपारी डिक्लरेशनचे कागद घेऊन उभं राहायचं, साताऱ्याच्या किंवा नाशिकच्या मालकाला ही भानगड समजायची नाही. त्यात इथला मालक नुसता मालक नसतो, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या स्टेजवरही तोच, पतसंस्थेच्या बोर्डावरही तोच.

आता वादाचा मुद्दा. प्रिंटलाइनमध्ये एका नावापुढे बारीक चांदणी (*) असते आणि खाली लिहिलेलं असतं की कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांची. चांदणी ज्याला, समन्स त्याला. पुढची पिढी आली की मोठे साहेब 'समूह प्रमुख' नाहीतर 'सल्लागार संपादक' होतात, पहिल्या पानावर नाव तसंच ठळक राहतं आणि चांदणी हळूच पगारी संपादकाकडे सरकते. हे चालतं का? तर 1991 ला केरळातल्या अशाच एका घरच्या दैनिकाच्या प्रमुख संपादकाची बदनामीची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, तिथे कोर्ट म्हणालं की छापलेला मजकूर संपादकानेच निवडला हे कायद्यातलं गृहीतक फक्त डिक्लेअर केलेल्या संपादकाला लागू, प्रमुख संपादकाला ओढायचं तर मजकूर आक्षेपार्ह आहे हे त्याला माहीत होतं असा थेट आरोप तक्रारीत पाहिजे. तेव्हापासून वकील मालकांना बिनधास्त हाच सल्ला देतात. मालक तारखांना फिरत बसला तर कागदाचं बिल आणि पगार कोण बघणार, असं घरच्यांचं म्हणणं असतं, ते अगदीच खोटं नाही. तरी मला ते पटत नाही, निदान सीमाभागात तरी. भाषणात टाळ्या साहेबांना आणि कोर्टात तारीख तीस हजार पगारवाल्याला, हे काय बरोबर?

बाकी पुढचं पटापट. 2004 ला महाराष्ट्र सीमाप्रश्न घेऊन सुप्रीम कोर्टात गेला. 1 नोव्हेंबर 2014 ला गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं. 1867 चा कायदा जाऊन 2023 चा नवीन कायदा 1 मार्च 2024 पासून लागू झाला, नोंदणीचा अर्ज आता ऑनलाइन, मॅजिस्ट्रेटपुढचं डिक्लरेशन बंद. मात्र त्या अर्जावर जिल्हा प्रशासनाचं मत घेतलं जातंच, त्यामुळे नवीन पेपर काढणाऱ्या मराठी माणसाचं डीसी ऑफिस काही सुटलेलं नाही.