पन्नासचा हम की शंभरचा? जुन्या चॅम्पमधले दोन आवाज

जुना फेंडर चॅम्प, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा छोटा अ‍ॅम्प, दुरुस्तीच्या टेबलावर आला की सोबत तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "हम येतोय," म्हणजे सतत घुमणारा खालच्या सुराचा आवाज येतोय. या एका शब्दाखाली दोन वेगळी दुखणी येतात आणि पैसे वाया जातात ते तिथेच. एक हम ५० हर्ट्झचा. तो व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या वायरिंगमधून, अर्थिंगमधून किंवा गिटारच्या पिकअपमधून शिरतो. दुसरा १०० हर्ट्झचा, म्हणजे पॉवर सप्लायचे फिल्टर कंडेन्सर वाळल्याचा. पहिल्यासाठी कंडेन्सर बदलून काही होत नाही, आणि दुसऱ्यासाठी नवे ६व्ही६ (आउटपुटचे व्हॉल्व्ह) मागवले तरी आवाज जागचा हलत नाही.

चॅम्पमध्ये बिघडण्यासारखं मुळात थोडंच आहे. १९६४ च्या एए७६४ सर्किटमध्ये सिग्नल आधी वाढवणारा एक १२एएक्स७ (यालाच ईसीसी८३ म्हणतात), एक ६व्ही६जीटी, एसीचं डीसी करणारा एक ५वाय३जीटी रेक्टिफायर आणि आठ इंची स्पीकर, एवढाच संसार. ताकद पाच-सहा वॅट. १९६८ पासून पुढची पट्टी चंदेरी झाली, तरी आतला गाभा फारसा बदलला नाही. साठ वर्षांनीही यातले बरेच अ‍ॅम्प मूळ ट्रान्सफॉर्मरवर चालतात, इतका हा भरवशाचा आहे. पण एक गोष्ट धरूनच चालायला हवी. आउटपुटला एकच व्हॉल्व्ह असल्यामुळे सप्लायमधला रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर) आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये आपोआप कटत नाही. दोन व्हॉल्व्हच्या पुश-पुल अ‍ॅम्पमध्ये तो बराचसा कटतो. म्हणून थोडा हम चॅम्पच्या रचनेतच आहे. वाढलेला हम ओळखायचा, तर मूळचा किती असतो याचा अंदाज आधी हवा.

आता सुराची गोष्ट. आपल्याकडे लाईन ५० हर्ट्झची, म्हणून लहरीचे दोन्ही अर्धे वापरणाऱ्या फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरचा रिपल १०० चा. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्याचा जी ९८ हर्ट्झचा असतो. शंभरचा हम त्याच्या किंचित वर बसतो. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी पाच, पण जरा चढी. पन्नासचा हम त्याच सुराचा एक सप्तक खालचा. अमेरिकन व्हिडिओंत हाच आवाज बी-फ्लॅट आणि बीच्या मध्ये दाखवतात, कारण तिथली लाईन ६० ची. ते कानात ठेवून कोल्हापुरात सूर शोधला तर तो सापडायचाच नाही.

कानावर पूर्ण भरवसा मात्र ठेवता येत नाही. आठ इंची स्पीकर ५० हर्ट्झ जेमतेम वाजवतो. पन्नासच्या हममधून आपल्याला ऐकू येतात ते मुख्यतः त्याचे वरचे भाग, १००, १५०, २००. म्हणजे हीटरचा हमसुद्धा कानाला शंभरचा वाटू शकतो. त्यात मांडवात जनरेटर असेल तर वेग खाली-वर होताना दोन्ही हमांचे सूर सोबतच सरकतात. म्हणून आवाज कोणत्या सुरात आहे यापेक्षा काय केल्यावर तो जातो, हे पाहणं जास्त कामाचं.

सुरुवात गिटारची केबल काढण्यापासून करा. चॅम्पच्या इनपुट जॅकला आत स्विच आहे. केबल निघाली की इनपुट आपोआप ग्राउंडला जातं. हम गेला, तर अ‍ॅम्प निर्दोष. दोष गिटार, केबल किंवा खोलीतला. सिंगल-कॉइल पिकअप असेल तर गिटार हातात धरून जागेवरच गोल फिरा. एका दिशेला आवाज जवळपास मरतो आणि काटकोनात पुन्हा उसळतो. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर गिटारचं शिल्डिंग अपुरं आहे. हात लावूनही काहीच फरक नसेल तर ब्रिजची ग्राउंड वायर तपासा, ती बऱ्याचदा तुटलेली निघते. गणपतीच्या दिवसांत एक गोंधळ ठरलेला असतो. डिमर आणि स्वस्त एलईडी माळांची झर्र अशी धारदार घरघर १०० हर्ट्झच्या पटीत असते आणि लोक ती फिल्टरची समजतात. पण ती पिकअपमधून शिरते, म्हणून केबल काढताच जाते. फिल्टरचा हम केबल काढून जात नाही.

केबल काढूनही आवाज राहिला तर व्हॉल्यूम शून्यावर आणा. चॅम्पचं व्हॉल्यूम १२एएक्स७ च्या दोन भागांच्या मध्ये आहे. शून्यावर आवाज गेला तर दोष पहिल्या भागात. राहिला तर अ‍ॅम्प बंद करा, निवू द्या, १२एएक्स७ काढा आणि पुन्हा चालू करा. स्पीकर मात्र जोडलेलाच हवा, कारण लोड नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. १२एएक्स७ नसताना हम तसाच राहिला तर शंका पॉवर सप्लायच्या तीन टप्प्यांतल्या पहिल्या दोन फिल्टरवर किंवा ६व्ही६ वर. गेला तर १२एएक्स७, त्याचा हीटर किंवा तिसरा फिल्टर.

यापुढे चॅसिस (आतला धातूचा सांगाडा) उघडावी लागते. आत साधारण ३५० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये राहू शकतात. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी पहिल्या फिल्टरपासून चॅसिसला लावा, दहा सेकंद थांबा आणि मीटरवर १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची सवय सोडून द्यावी. ज्यांनी व्हॉल्व्हच्या सेटवर कधी काम केलेलं नाही, त्यांनी इथपासून पुढे जाणकाराच्या हाताखालीच शिकावं.

शंभरचा हम मीटरवर स्वच्छ पकडता येतो. चॅम्पच्या फिल्टरच्या डब्यात २० मायक्रोफॅरडचे चार भाग असतात. त्यातले दोन जोडून पहिल्या टप्प्याला ४० होतात, मग १ किलोओहम आणि २०, मग १० किलोओहम आणि २०. अ‍ॅम्प साधारण ५० मिलिअँपिअर ओढतो असं धरलं तर हिशेबाने पहिल्या टप्प्यावर एसी रेंजमध्ये साडेतीन व्होल्टच्या आसपास रिपल दिसायला हवा, दुसऱ्यावर पाव ते अर्धा व्होल्ट आणि तिसऱ्यावर काही मिलिव्होल्ट. पहिल्यावर सहा-आठ व्होल्ट दिसले तर तिथली कपॅसिटी निम्म्यावर आली आहे. दुसऱ्यावर एक-दोन व्होल्ट असतील तर ६व्ही६ च्या आतल्या स्क्रीन नावाच्या जाळीवर रिपल चढतोय, आणि स्पीकरमध्ये तो जास्त जाणवतो.

मोजण्याआधी मीटरची परीक्षा घ्या. काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसी अडवत नाहीत. ९ व्होल्टची बॅटरी एसी रेंजवर लावून बघा. शून्य आलं पाहिजे. टोकं उलटी करूनही शून्यच आलं पाहिजे. एका दिशेला १८-२० आले तर त्या मीटरने ३५० व्होल्टवर घेतलेलं कुठलंही एसी माप खोटं. अशा वेळी ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा कंडेन्सर मीटरच्या सिरीजमध्ये घाला.

संशयित फिल्टरवर चांगला कंडेन्सर जोडून पाहण्याची जुन्या रेडिओ मेकॅनिकांची रीत आजही उत्तम आहे. फक्त ती चालू सेटवर करू नका. बंद करा, डिस्चार्ज करा, क्लिपने जोडा, मग चालू करा. हम दबला तर निदान झालं. बदलताना २२ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्ट, १०५ अंशांचे घ्या. ४५० चे स्वस्त मिळतात, पण ५वाय३ लगेच तापतो आणि ६व्ही६ उशिरा. ते पहिले काही सेकंद लोड नसल्याने व्होल्टेज वर उडतं. जुना डबा दिसण्यासाठी जागेवर ठेवला तरी त्याच्या सगळ्या वायरी सोडवा. वाळलेल्या डब्याला समांतर नवे जोडले तर गळती तशीच राहते. पहिला फिल्टर मूळ कपॅसिटीच्या दुप्पट-तिप्पट करण्याचा मोह टाळा, कारण चालू होतानाचा धक्का ५वाय३ ला सोसवत नाही.

रिपल वाढण्याचं दुसरं कारण जास्तीचा करंट, आणि तिकडे सहसा कोणी बघत नाही. ६व्ही६ च्या ८ नंबर पिनवर (कॅथोडवर) व्होल्टेज मोजा आणि कॅथोडच्या ४७० ओहमच्या रेझिस्टरने भागा. २० व्होल्ट असतील तर ४२ मिलिअँपिअर, ठीक आहे. २६-२७ दिसले तर ५ नंबर पिन, म्हणजे सिग्नल जिथे येतो ती ग्रिड बघा. ग्रिडवर डीसी शून्य हवं. तिथे दोन-तीन व्होल्ट पॉझिटिव्ह असतील तर आधीच्या व्हॉल्व्हचा सिग्नल ग्रिडवर पोचवणारा कपलिंग कंडेन्सर गळतोय आणि नवा ६व्ही६ घातला तरी तोही जास्त करंटने तापून लाल होईल.

पन्नासच्या हमची शोधाशोध वेगळी. पहिला संशय १२एएक्स७ वर, कारण त्यात हीटर आणि कॅथोड यांच्यात गळती होते. दुसरा चांगला घालून बघा, दोन मिनिटांचं काम. तरीही आवाज असेल तर कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा छोटा कंडेन्सर बदला. तो वाळला की हीटरची गळती उघडी पडते. मग हीटरच्या वायरी. त्या एकमेकींना घट्ट पिळलेल्या आणि चॅसिसच्या कोपऱ्याला चिकटलेल्या हव्यात. मागच्या कोणा दुरुस्तीत सुट्या सोडलेल्या असतील तर इनपुटच्या वायरीपासून लांब न्या. ट्वीड कापड चढवलेल्या आधीच्या चॅम्पमध्ये (५एफ१ सर्किट) हीटरची एक बाजू सरळ चॅसिसला असते. तिथे १०० ओहमचे दोन रेझिस्टर लावून मध्यबिंदू ग्राउंड केला तर हम स्पष्ट कमी होतो. आधी चॅसिसचा तो जोड काढायला मात्र विसरू नका. ज्या अ‍ॅम्पमध्ये हे दोन रेझिस्टर आधीच आहेत, तिथे त्यातला एक जळालेला असू शकतो.

पॉवर सप्लायचा हम शंभरचाच, या नियमाला एक अपवाद आहे आणि तो चांगल्या मेकॅनिकलाही फसवतो. ५वाय३ च्या दोन प्लेटांपैकी एक मेली किंवा ट्रान्सफॉर्मरच्या हाय-टेन्शन वाइंडिंगची एक बाजू तुटली की रेक्टिफायर अर्धाच चालतो. मग पॉवर सप्लायमधूनच ५० चा हम येतो, तोही जोरात, आणि व्होल्टेज पडतं. ५वाय३ च्या ४ आणि ६ नंबर पिनवर चॅसिसच्या संदर्भात एसी मोजा. दोन्हीकडे जवळपास सारखं, तीनशेच्या वर असलं पाहिजे. सारखं असून हम असेल तर ५वाय३ बदला.

तिसरा आवाज स्पीकरमधून येतच नाही, तरी त्यालाही हमच म्हणतात. अमेरिकन चॅम्पचा ट्रान्सफॉर्मर ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला असतो. ५० वर त्याच व्होल्टेजला गाभ्यातलं चुंबकत्व २० टक्के वाढतं, लोखंड गुरगुरतं आणि तापतं. ओळखायला सोपं: स्विच टाकताक्षणी सुरू होतो तो लोखंडाचा आवाज, कारण व्हॉल्व्ह तापेपर्यंत स्पीकर मुका असतो. उपाय म्हणजे नेमका स्टेप-डाउन. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वाइंडिंगवाल्याकडून करून घ्यायचा असेल तर २३० ला ११०, दोन वेगळ्या वाइंडिंगचा आयसोलेशन प्रकारचा, १५० व्हीए सांगा. चॅम्प ४० वॅटच्या आसपास खातो, पण मोठा ट्रान्सफॉर्मर थंड राहतो. ११० वर हीटरला ५.९ व्होल्ट मिळतात, ते चालतं, आणि लाईन २४५ वर गेली तरी ११७ च्या पुढे जात नाही. आणखी खाली, १०० ला उतरवलं तर लोखंड शांत होईल, पण हीटर उपाशी राहतील. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर अ‍ॅम्पला लावू नका. ते वेव्ह कापतात.

अर्थिंगचं काही काम अ‍ॅम्प उघडण्याच्या आधीही करता येतं. अनेक जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पना दोन पिनांची वायर असते आणि लाईनपासून चॅसिसला एक कंडेन्सर. तो शॉर्ट झाला तर गिटारच्या तारांवर करंट येतो. चॅसिस उघडाल तेव्हा तो काढून टाका, तीन पिनांची वायर लावा आणि अर्थची वायर चॅसिसला स्वतंत्र बोल्टने आवळा. स्टेप-डाउनच्या सॉकेटपर्यंत अर्थ पोचते का तेही बघा. करून घेतलेल्या डब्यांत ती हमखास विसरली जाते. पेठांमधल्या जुन्या घरांत बोर्डावर तिसरं भोक असतं, मागे वायर नसते. फेज ते अर्थ व्होल्टेज फेज ते न्यूट्रलइतकंच आलं पाहिजे आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. एप्रिल-मे मध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो तेव्हा ही मापं बिघडतात. दोन अ‍ॅम्प किंवा अ‍ॅम्प आणि मिक्सर जोडल्यावरच हम येत असेल तर तो ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेल्याचा हम. मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर टाका. अर्थची पिन मात्र कधीही कापू नका.

सगळं नीट झाल्यावरही केबल काढून, व्हॉल्यूम शून्यावर, स्पीकरला कान लावला तर मंद शंभर ऐकू येतो. तो राहणारच. त्याच कंडेन्सरवर ५० हर्ट्झच्या लाईनला रिपल अमेरिकेपेक्षा पाचव्या हिश्शाने जास्त असतो, म्हणून तिथे शांत असलेला अ‍ॅम्प इथे किंचित बोलतो. दोन हात लांबून ऐकू आला नाही तर काम झालं. तिन्ही टप्प्यांवरचे रिपलचे आकडे आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवा, पुढच्या वेळी अ‍ॅम्प उघडणाऱ्याला तुलना करता येईल.