नागपूरहून पेंच सफारी : परवाना कसा काढायचा, कागदपत्रं कोणती

पेंचचं बुकिंग करताना तारखेच्याही आधी गेट ठरवा. जंगल सलग असलं तरी राज्यं दोन आहेत. महाराष्ट्राच्या बाजूला सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार, कोलितमारा. मध्य प्रदेशात तुरिया, कर्माझिरी, जमतरा. खुर्सापार आणि तुरिया तसे जवळजवळ, पण एका राज्याचा परवाना दुसऱ्याच्या गेटवर चालत नाही आणि बुकिंगची संकेतस्थळंही वेगळी आहेत. वाटेवरच्या देवलापारच्या पुढे जाऊन हा घोळ कळला तर सकाळची फेरी गेलीच समजा.

वयाची वा शिक्षणाची अट काही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ नुसार पर्यटनासाठी परवाना मिळतो. अभ्यास-संशोधन किंवा चित्रीकरण करायचं असेल, तर मात्र सफारीचं तिकीट पुरत नाही. त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

महाराष्ट्र वन विभागाच्या संकेतस्थळावर मोबाइल नंबरने नोंदणी करा, गेट, तारीख आणि सकाळ-दुपारची फेरी निवडा. प्रत्येकाचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका. ‘पिंटू’ नको, आडनावासकट पूर्ण नाव. ज्या ओळखपत्राचा क्रमांक फॉर्ममध्ये भरला, तेच मूळ कार्ड गेटवर दाखवायचं असतं : आधार, मतदार ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्स, परदेशी पाहुण्यांसाठी पासपोर्ट. झेरॉक्सच्या भरवशावर जाऊ नका. आणि पावती नीट वाचा : जिप्सी आणि गाइडचे पैसे त्यात धरलेत की गेटवर द्यायचे, हे तिथंच कळतं. गाइड सक्तीचा आहे. मोबाइलबंदीचा नियम पाळा, फोन मुक्कामीच ठेवलेला बरा.

पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद असतं. दिवाळी-नाताळच्या सुट्ट्यांतले शनिवार-रविवार लवकर भरतात. मधला वार मिळाला तर सोडू नका. वाघासाठी एप्रिल-मेचं ऊन सोसावं, पाणवठ्यावर जनावर हमखास उतरतं. तोतलाडोहच्या जलाशयावरचे पक्षी बघायचे तर थंडीच बरी. सिल्लारीला मुक्काम असेल तर रात्री वरही बघा, २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी असल्यानं तारे स्पष्ट दिसतात अशी जागा, म्हणून मान्यता मिळाली आहे.

एक शेवटचं : नकाशात ‘नवेगाव’ टाकताना जपून. नवेगाव खैरी पेंचकडेच, पारशिवनी तालुक्यात आहे, नागपूरच्या नळाला पाणी देणाऱ्या धरणाचं गाव. तलावासाठी प्रसिद्ध असलेलं नवेगाव राष्ट्रीय उद्यान गोंदिया जिल्ह्यात आहे, आणि त्याचं बुकिंग नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाखाली शोधावं लागतं.