हौदा की सपाट ट्रे? आधी टेप लावा, धातूचं नंतर बोलू

"ॲल्युमिनियमचा ट्रे टाकला की गाडी हलकी, आणि गाडी हलकी म्हणजे माल जास्त." रावेरपासून धरणगावपर्यंत चहाच्या टपरीवर हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की आता मी फक्त मान हलवतो. डबल कॅब पिकअप घेतलेला प्रत्येक जण वर्षभरात या विचारावर येतो. आणि भांडण नेहमी धातूवर होतं. लोखंड की ॲल्युमिनियम? अरे भाऊ, खरा फरक धातूत नाहीच. तो तळाच्या उंचीत आहे.

हौदा सगळ्यांनी पाहिलाय. कंपनीतून येणारा, तीन बाजूंनी बंद, मागे एकच फाळका, आणि आत दोन्हीकडे चाकांवर आलेले ते फुगवटे. त्याबद्दल जास्त बोलत नाही. ट्रे म्हणजे हौदा काढून चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, ठेवलेला सपाट पाट. तिन्ही बाजूंचे फाळके खाली पडतात.

आता तो 'सपाट' शब्द नीट बघा. हौद्याचा तळ दोन चाकांच्या मधे खाली उतरलेला असतो, म्हणून चाकांना जागा द्यायला फुगवटे लागतात. ट्रेला फुगवटे नाहीत, याचा अर्थ सगळा तळच चाकांच्या वर गेला. फुगवटे गेले ते उंचीच्या बदल्यात गेले. माझ्या शालकाच्या गाडीला मी स्वतः टेप लावला होता. हौद्याचा तळ जमिनीपासून ३१ इंच, ट्रेचा ३९. आठ इंच, म्हणजे जवळजवळ वीतभर.

ही वीत कमी करायच्या नादात लोक फसतात. रिकाम्या गाडीत टायर आणि ट्रेच्या मधे मोठी पोकळी दिसते. बघणाऱ्याला वाटतं, उगाच उंच ठेवलाय. ती पोकळी पाट्यांची, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांची, आहे. माल भरला की पाटे बसतात, खड्ड्यात आणखी बसतात, आणि चाक वर येतं. शालकाने हट्ट करून ट्रे दोन इंच खाली घ्यायला लावला, बनवणाऱ्यानेही 'चालतंय की' म्हणून घेतला. पहिल्याच खेपेला केळी भरून शेतातून डांबरीवर येईपर्यंत जळक्या रबराचा वास. खाली वाकून बघितलं तर ट्रेची आडवी पट्टी टायरवर घासून चकचकीत झालेली, टायरला बोटभर चर. ट्रे परत उचलावा लागला. मजुरी दोनदा.

वीतभर उंचीचे परिणाम दोन, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत. इथेच सगळा घोळ होतो.

पहिला भरण्याचा. मागून भरणार असाल तर हौदा सोपा, कारण तळ खाली आहे. पण बाजूने भरणार असाल तर हौद्याच्या भिंतीवरून क्रेट उचलून आत टाकावं लागतं, म्हणजे छातीपर्यंत. ट्रेचा फाळका पाडला की ३९ इंचावर क्रेट नुसतं सरकवायचं. उंच असलेला ट्रे बाजूने भरायला ठेंगणा पडतो! शेताच्या बांधावर गाडी लावून दोन्हीकडून माल चढवणाऱ्याला याचं मोल विचारा. जागेचंही तसंच. ६०० बाय ४०० मिलिमीटरचं प्लास्टिक क्रेट घ्या. बहुतेक हौद्यांत फुगवट्यांमधे साडेतीन-पावणेचार फूट मिळतात, तिथे आडव्या ओळीत दोन क्रेट बसतात आणि वीतभर जागा वाया जाते. पावणेसहा फूट रुंद ट्रेवर त्याच ठिकाणी चार.

दुसरा परिणाम रस्त्यावरचा. तोच माल वीतभर वर गेला की गाडीचा तोलही वर जातो. सपाट रस्त्यावर कळत नाही. चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढा, वळणावर कळेल. त्यात फवारणीची हजार लिटरची टाकी अर्धी भरून नेत असाल तर पाणी डचमळून गाडीला आणखी ढकलतं. टाकी न्यायची तर हौदाच बरा, असं माझं ठाम मत आहे. ट्रेवर न्यायचीच असेल तर पूर्ण भरून न्या किंवा पूर्ण रिकामी. पण हजार लिटर म्हणजे हजार किलो, तेवढं पासिंग, म्हणजे आरटीओने मान्य केलेलं वजन, आहे का ते आधी बघा.

लांबीचा मोह तर वेगळाच. "एवढा खर्च करतोय तर फूटभर मागे वाढव." बैलगाडी हाकलेल्या माणसाला समजवावं लागत नाही: मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. पिकअपचं जू म्हणजे पुढची चाकं. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे वजन लटकलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरायला लागतं, आणि माणूस खुश होतो की गाडी मऊ चालतेय.

आता ते धातूचं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक-तृतीयांश वजनाचं, हे खरं. पण त्याचा ताठपणाही साधारण एक-तृतीयांशच, म्हणून पत्रा आणि पट्ट्या जाड घ्याव्या लागतात. वजन वाचतं, पण लोक सांगतात तेवढं नाही. गंजत नाही, हा खरा फायदा. फक्त ॲल्युमिनियम थेट लोखंडी चासीवर ठेवू नका. मधे ओल गेली की ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजतं, मधे रबर हवंच. तडा गेला तर गल्लीतला वेल्डर उपयोगाचा नाही, अर्गन गॅसवर वेल्डिंग करणारा शोधावा लागतो. चासीला भोक किंवा वेल्डिंग करू देऊ नका, कंपनीचीच बोल्टची ठिकाणं वापरा. डिझेल टाकीचं तोंड हौद्याच्या भिंतीत असतं, ते हलवावं लागतं. मागचे दिवे आणि नंबर प्लेटही.

आणि 'माल जास्त'? काट्यावर जे धरतात ते आरसीवरचं एकूण वजन. ते ट्रे बदलल्याने वाढत नाही. पाट्याला एक पान जास्त घातलं तरी वाढत नाही. ओव्हरलोडला २०१९ पासून २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते उचलून धरलंय. एमएच १८ (धुळे) असो, १९ (जळगाव) असो की ३९ (नंदुरबार), आधी आरटीओत विचारा, मग पाना हातात घ्या.

म्हणून माझा सल्ला रुक्ष आहे. ट्रेच हवा असेल तर गाडी घेतानाच कॅब-चासी, म्हणजे मागे हौदा नसलेली गाडी, घ्या आणि पासिंगच्या आधी बॉडी बांधा. हौद्याची गाडी घेऊन झाली असेल आणि मागून माल भरत असाल, तर हात लावू नका. काढलाच, तर तो हौदा भंगारात देऊ नका, गाडी विकताना गिऱ्हाईक आधी तोच विचारतं. शालकाचा हौदा गोठ्यामागे निंबाखाली पडलाय. त्यात सध्या म्हशीचा कडबा आहे, आणि फाळका रोज संध्याकाळी कंपनीने दिलेल्या हँडलनेच उघडतो.