चमच्यापासून कॅथेड्रलपर्यंत

फ्रान्समध्ये कोणाच्या घरी जेवायला बोलावणं असेल तर त्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नये. साडेसातची वेळ दिली असेल तर पावणेआठला दार वाजवायचं; यजमानांना दिलेल्या या सवलतीला तिकडे ‘सौजन्याचा पाव तास’ म्हणतात. आधी आपेरितिफ, म्हणजे भूक चाळवणारं पेय आणि सोबत ऑलिव्ह, खारे दाणे. मग सुरुवातीचा पदार्थ, मासा किंवा मांस, चीज, शेवटी गोड. तीन तास सहज जातात.

१६ नोव्हेंबर २०१० रोजी नैरोबीच्या बैठकीत युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते हेच जेवण. फ्रेंच पाककलेला मान मिळाला, असा समज अजून आहे. पण त्या नोंदीत गौरव एखाद्या पदार्थाचा नाही, रीतीचा आहे. लग्न, वाढदिवस, बऱ्याच दिवसांनी झालेली भेट अशा निमित्ताने एकत्र बसणं, टेबल देखणं मांडणं, पदार्थाला साजेशी वाइन निवडणं, खाताना चवीबद्दल बोलणं, आणि आपेरितिफ ते लिकर (जेवणानंतरचं गोड मद्य) यांच्या मधे किमान चार वाढण्या. म्हणजे हा मान नामांकित शेफइतकाच, किंबहुना जास्तच, घरी चार माणसं बोलावणाऱ्यांचा आहे. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

ही रीत भासते तितकी पुरातन नाही. चौदाव्या लुईच्या काळी एकेका फेरीत कितीतरी पदार्थ एकदम टेबलावर मांडले जात आणि जो तो हाताशी असेल ते घेई. थाट मोठा, पण तोंडात घास जाईपर्यंत अन्न निवून जायचं. एकेक पदार्थ गरम आणून प्रत्येकाला वाढायची पद्धत एकोणिसाव्या शतकात रुजली. तिचं नावच ‘रशियन वाढप’. श्रेय दिलं जातं ते १८०८ ते १८१२ या काळात पॅरिसमध्ये झारचे राजदूत असलेल्या प्रिन्स कुराकिन यांना. केळीच्या पानावर मीठ-लिंबापासून वरणभातापर्यंत सगळं समोर पाहायची सवय असलेल्या आपल्याला खरं तर जुनी फ्रेंच पद्धत जवळची वाटली असती. जेवणाची स्वतंत्र खोलीही श्रीमंतांच्या घरांत रूढ झाली ती अठराव्या शतकात. त्याआधी लाकडी घोड्यांवर फळ्या टाकून टेबल उभारत आणि जेवणं झाली की उचलून ठेवत. म्हणूनच ताटं-काटे लावण्याला फ्रेंचमध्ये आजही ‘टेबल मांडणं’ म्हणतात.

क्रांतीने जुने उमराव गेले, नवे पैसेवाले आले. त्यांच्याकडे घर होतं, आचारी होता, पण पाहुणचाराची रीत ठाऊक नव्हती. खाद्यलेखक ग्रिमो द ला रेनिएर यांनी १८०८ मध्ये खास यजमानांसाठी मार्गदर्शक लिहिला: मांस कसं कापावं, जेवणाचा बेत कसा आखावा, पाहुण्यांशी कसं वागावं. १८२५ साली ब्रिया-साव्हारां या न्यायाधीशाने सांगितलं की कोणाला जेवायला बोलावणं म्हणजे तो आपल्या छपराखाली असेपर्यंत त्याच्या सुखाची जबाबदारी घेणं. आपल्या आज्यांनी हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं, पण त्या वागत अगदी तशाच.

टेबलावर चीज आलं की गावांची नावं निघतात, आणि तेही उगाच नाही. रोकफोर या गावावरून ओळखल्या जाणाऱ्या चीजचं नाव कोणी वापरावं यावर तुलूझच्या न्यायसभेने १६६६ मध्येच निर्णय दिला होता. १९२५ मध्ये त्या चीजसाठी कायदा झाला आणि १९३५ मध्ये वाइनच्या मूळस्थानाला राष्ट्रीय संरक्षण मिळालं.

जेवण आणि वारसा या गोष्टी या देशात अशा आधीपासूनच शेजारी होत्या. आंद्रे मालरो सांस्कृतिक मंत्री असताना, १९६४ मध्ये, देशभरच्या वारशाची मोजदाद सुरू झाली. तिचं ब्रीद होतं, ‘चहाच्या चमच्यापासून कॅथेड्रलपर्यंत’. चमचा आधी, कॅथेड्रल नंतर! पुढे १९८४ मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांनी ऐतिहासिक वास्तू लोकांना खुल्या करण्याचा दिवस सुरू केला. आता सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार त्यासाठी असतो.

त्या दिवसांत राजवाड्यांसमोर रांगा लागतात. मी मात्र सुचवेन की एखाद्या खेड्यातली जुनी पावाची भट्टी पाहायला जावं. सरंजामी काळात कित्येक ठिकाणी गावकऱ्यांना जहागीरदाराच्याच भट्टीत पाव भाजावा लागे आणि त्याचा मोबदला द्यावा लागे. अशा भट्टीला ‘बानाल’ म्हणत, आणि ती सगळ्यांची म्हणून त्या शब्दाला पुढे ‘अगदी सामान्य’ असा अर्थ चिकटला. क्रांतीने ती सक्ती संपवली. टिकून राहिलेल्या काही भट्ट्या वारशाच्या दिवशी पुन्हा पेटवतात, गावकरी पीठ मळून आणतात आणि बाहेर लांब टेबलं लागतात. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडे पाव सरकवताना आठवावं, फ्रेंचमध्ये मित्राला ‘कोपँ’ म्हणतात. मुळात तो शब्द पाव वाटून खाणाऱ्याचा.