नवीन लूम घेताय? आधी कंप्युटरवर चालवून बघा

ऑर्डर वेळेत जात नाही म्हणून आणखी चार रॅपिअर लूम (बिनधोट्याचे यंत्रमाग) टाकायचेत, असं टॉवेलवाले बरेच मालक म्हणतात. पण माल खरंच लूमवर अडकतो का, हे आधी बघायला पाहिजे. कधी डाईंगवरून सूतच उशिरा येतं, कधी विणलेला माल शिलाईपुढे थप्पी लावून पडलेला असतो, अशात लूम वाढवले तर थप्पीच वाढते.

सिम्युलेशनमध्ये आम्ही तुमचा अख्खा कारखाना कंप्युटरवर उभा करतो, डाईंग, वॉर्पिंग (उभे धागे बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर गुंडाळणं), लूम, कटिंग, शिलाई, पॅकिंग सगळं, आणि धागा तुटणं, बीम संपणं, लाईट जाणं हे पण जसं घडतं तसं त्यात घालतो. एका कामगाराकडचे दोन लूम एकदम बंद पडले तर एकाचा धागा जोडेपर्यंत दुसरा उभा राहतो, ते पण त्यात दिसतं.

एक्सेलवर हिशोब केलाय की, असं म्हणाल. पण एक्सेलात आपण सरासरी धरतो, आणि गोम तिथंच आहे. समजा शिलाईच्या एका मशीनवर सरासरी १० मिनिटाला एक गठ्ठा येतो आणि शिवायला सरासरी ९ मिनिटं लागतात. कागदावर मस्त बसतं. पण गठ्ठे कधी तीन एकदम येतात, कधी अर्धा तास एकही नाही, शिवायला पण कधी ४ मिनिटं कधी २०, असं दोन्हीकडे पूर्ण बेभरवशी असलं तर रांगेच्या गणितानं एका गठ्ठ्याला सरासरी ८१ मिनिटं नुसतं थांबावं लागतं!

आम्ही आधी तुमचा मागचा महिना कंप्युटरवर चालवतो आणि उत्पादन रजिस्टरशी ताडून बघतो, जुळलं तरच पुढं, नाहीतर मॉडेल दुरुस्त करायचं. मग लूम वाढवून, शिलाईला दुसरी पाळी लावून, मशीनच्या जागा बदलून बघायचं, प्रत्येक गोष्ट पुष्कळ वेळा चालवून, कारण एका वेळच्या आकड्यावर भरवसा नाही.

एकच कळकळीची विनंती, मशीनचा ॲडव्हान्स द्यायच्या आधी या. सोलापुरात चिंचोली नाहीतर अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेड उभं राहिलं, फाउंडेशन झालं, की मग बदलायला फार थोडं उरतं.

येताना दोन आठवड्यांची नोंद आणा, कुठला लूम किती वाजता थांबला, का थांबला, परत कधी चालू झाला. साध्या वहीत चालेल, फक्त त्या त्या वेळीच लिहिलेली पाहिजे, संध्याकाळी आठवून भरली की सगळे थांबे १० नाहीतर १५ मिनिटांचेच दिसतात.